मामाच्या ट्रम्पेटमधलं पाणी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. कोणाला पटवत बसायची मला हौस नाही. पण यात एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

आणि आधीच सांगते... यात अमावस्या नाही, ओसाड रस्ता नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही.

भर दुपार होती. डोक्यावर ट्यूबलाइट चालू होती. आणि जागा म्हणाल तर दातांच्या दवाखान्यातली एक्सरेची खोली.

मी त्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टरीणबाई दात कोरतात, मी नळी धरून थुंकी ओढते. लोकांच्या कवळ्या घासते. उपटलेले दात उचलते. किळस हा प्रकार माझ्यात उरलेलाच नाही. हात धुतले की मी त्याच खोलीत डबा उघडते, यावरून घरी मला भरपूर बोलणी बसतात.

हे मुद्दाम सांगतेय. कारण पुढे जे झालं त्यानं मला भडाभडा ओकायला लावलं.

तर, नोकरी सुटली की मी ट्रम्पेट वाजवते. एका नाचाच्या हॉलमध्ये दर शनिवारी आमच्या बॅन्डचा कार्यक्रम असतो. लोक जोडीनं नाचतात, आम्ही घाम गाळतो. मी कायम दुसऱ्या खुर्चीवर, म्हणजे साथीला. पहिल्या खुर्चीवर माझा सख्खा मामा.

मामाचा शेक ऐकायला लोक यायचे.

शेक म्हणजे काय ते सांगते. एक उंच सूर धरायचा. चाव्यांना हात लावायचा नाही. ओठ आणि जीभ अशी हलवायची की सूर वरच्या सुरावर उडी मारतो, खाली येतो, परत वर, परत खाली. उजव्या हातानं ट्रम्पेटला हलकासा हेलकावा द्यायचा, बस. जमलं तर सूर खळखळून हसतो. नाही जमलं तर शेळी ओरडते.

माझी शेळीच ओरडायची.

मामा हात फार जोरात हलवायचा. ट्रम्पेट ओठांवर दाबायचा आणि ओठ दातांवर. आमचे मास्तर, म्हणजे बॅन्डचे प्रमुख, त्याला कितीदा म्हणाले, अरे, दात जातील. मामा म्हणायचा, गेले तर जाऊ देत, भाची आहे दवाखान्यात.

आणि गेलेच. वरचे पुढचे दात आधी हलायला लागले, मग एकेक करून पडले. कवळी बसली आणि शेक गेला. सूर थरथरायच्या आधी कवळीच थरथरायची. मास्तरांनी त्याला खुर्चीवरून उठवलं नाही, पण शेवटच्या गाण्यातला शेक काढून टाकला.  ते मामाच्या जिव्हारी लागलं होतं, मला दिसत होतं.

मग तो रोज दुपारी घरी बसून तेवढा एकच सूर घासायचा.

एका दुपारी तो सूर मध्येच थांबला. मामी बाहेर येऊन बघते तर मामा खुर्चीत, ट्रम्पेट मांडीवर. गेलेला होता.

मामीनं ट्रम्पेट तसंच पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर टाकली.

पहिली खुर्ची रिकामी झाली. मास्तरांनी शेवटच्या गाण्यात शेक परत घातला आणि मला बजावलं, येत्या शनिवारी शेक आला तर खुर्ची तुझी, नाही तर बाहेरचा माणूस ठरलेला आहे. वर हसून म्हणाले, नाही जमलं तर दात कोरण्याचं काम आहेच की तुझं.

मी तोंडदेखलं हसले. आतून पेटले होते. कितीतरी वर्षं मागे बसून दुसऱ्याच्या सुराला टेकू दिला होता मी. ती खुर्ची मला हवीच होती.

माझं ट्रम्पेट जुनाट, चाव्या अडकायच्या. मामीनं मामाचं दिलं. घरात नको होतं तिला. म्हणाली, घेऊन जा, पण नीट धुऊन घे गं.

दवाखाना दुपारी बंद असतो. एक्सरेच्या खोलीच्या भिंती जाड, आवाज बाहेर जात नाही. डॉक्टरीणबाईंनी तिथे सराव करायला परवानगी दिली होती. मी दार लावलं आणि पेटी उघडली.

वास आला.

तो वास मी झोपेतही ओळखेन. रात्रभर तोंडात ठेवलेली, न धुतलेली कवळी.

आता नीट ऐका, चूक झाली ती इथेच.

ट्रम्पेटमध्ये फुंकताना वाफ साठते, थुंकीही साठते. खाली एक छोटी चावी असते. ती दाबून, सूर न काढता नुसतं फुंकलं की ते सगळं बाहेर पडतं. आम्ही त्याला पाणी म्हणतो. तेवढीच अब्रू राखायची.

आणि आम्हा वाजवणाऱ्यांत एक रीत आहे. ज्याचं पाणी त्यानंच काढायचं. दुसऱ्याच्या ट्रम्पेटचं पाणी मदत म्हणूनही काढायचं नाही. का, ते कोणी सांगत नाही. मला वाटायचं, स्वच्छतेसाठी असेल.

मामा तर गेलेला. त्याचं पाणी तो थोडाच काढायला येणार होता? आणि घाण दिसली की साफ केल्याशिवाय मला राहवत नाही. मी माउथपीस पुसला, तोंडाला लावला, चावी दाबली आणि फुंकले...

पाणी आलं.

थांबेचना.

पायाशी मी दवाखान्यातला स्टीलचा ट्रे ठेवला होता. तो काठापर्यंत आला. पेटी कित्येक आठवडे कपाटावर बंद होती. आतलं पाणी सुकून जायला हवं होतं. हे ताजं होतं. चार थेंब माझ्या पायावर उडाले...

ते कोमट होते.

शी! मी पाय साबणानं घासला. ट्रम्पेटचा एकेक भाग सुटा करून ब्रशनं धुतला. माउथपीस तर अवजारं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये टाकला. सगळं लखलखीत करून परत जोडलं आणि तो उंच सूर धरला.

शेक आला.

हात हलवलाही नव्हता मी. सूर आपोआप वर-खाली उडायला लागला, अगदी मामासारखा. मला रडू फुटलं. आनंदानं, दुसरं काय! रात्री घरी आरशासमोर बसून नुसतेच ओठ हलवत होते, वेड्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत शेक आला. थांबले, चावी दाबली, फुंकले. पाण्याबरोबर ट्रेमध्ये काहीतरी पडलं.

गुलाबी. मऊ. लिबलिबीत.

चिमट्यानं उचललं तर त्याची तार लोंबायला लागली.

कवळी चिकटवायचा मलम होता तो. मामासाठी तो मीच दवाखान्यातून न्यायची. आदल्या दिवशी मी ती नळी आतून ब्रशनं घासली होती, उजेडात धरून आरपार पाहिलं होतं. आणि या मलमावर दाब पडल्याची खूण होती. हिरडीची. नुकतीच काढल्यासारखी.

 ट्रम्पेट खुर्चीवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बेसिनवर तोंडावर पाणी मारलं. दवाखान्यात मी एकटी. बाहेरच्या दाराला आतून कडी.

नळ बंद केला.

टक...

ट्रम्पेटची चावी दाबल्याचा आवाज.

मग फुंकल्याचा. सूर नाही. नुसती हवा, लांब, ओलसर...

हूऽऽऽ...

आणि ट्रेमध्ये धार पडल्याचा आवाज.

मी आत गेले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. ट्रम्पेट खुर्चीवर जसंच्या तसं. ट्रे मी रिकामा करून पुसून ठेवला होता, त्यात बोटभर पाणी होतं, वर फेस. माउथपीसच्या कडेला ओल होती. ती हळूहळू खाली ओघळत होती.

तिथेच ओकले मी. ज्या बाईला आजवर कशाची किळस आली नाही, ती बेसिनपर्यंतसुद्धा पोहोचली नाही.

दवाखाना कसाबसा उरकला आणि थेट मामीकडे गेले. मला वाटलं होतं मामी घाबरेल, नाहीतर वेड्यात काढेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "पहिलं पाणी कोणी काढलं?"

मी म्हटलं, मी.

 मग मामीनं सांगितलं, शेवटी शेवटी मामानं पाणी काढणंच सोडलं होतं. शेक आल्याशिवाय पाणी काढणार नाही, असा हट्ट धरला होता. आत बुडबुडे वाजायचे, हनुवटीवरून ओघळ यायचे, सदरा भिजायचा, तरी हा चावीला हात लावेना. मामी रोज खुर्चीखालची फरशी पुसायची. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

"त्याचं राहिलेलं होतं ते," मामी म्हणाली. "ते तू अंगावर घेतलंस. आता ते ट्रम्पेट तोंडाला लावू नकोस."

शहाणी असते तर ऐकलं असतं. पण शनिवार दोन दिवसांवर आला होता. माझ्या जुन्या ट्रम्पेटवर वाजवून पाहिलं. शेळी. परत वाजवलं. परत शेळी.

मी मामाचंच ट्रम्पेट घेऊन गेले. खुर्चीचा मोह सुटेना, खरं सांगते.

हॉल भरलेला होता. सगळा कार्यक्रम सुरळीत झाला. शेवटचं गाणं आलं. शेवटचा सूर आला. मी तो धरला आणि शेक सुरू झाला.

लोक नाचायचे थांबून बघायला लागले. मास्तरांचा चेहरा फुलला. मग त्यांनी हात वर करून मूठ मिटली. म्हणजे थांबायचं.

सगळे थांबले.

मी थांबले नाही.

मला थांबताच येईना... छातीतला श्वास केव्हाच संपला होता. माझ्या तोंडातून हवा जात नव्हती, शपथेवर सांगते. तरी सूर वाजत होता, वर-खाली, वर-खाली. आणि तोंडात पाणी भरत होतं. उलटं. ट्रम्पेटमधून माझ्या तोंडात. कोमट, बुळबुळीत, त्याच वासाचं. थुंकायला ओठ सुटेनात.

मी गिळलं.

काय करणार? गिळलं मी ते. दोनदा.

मग सूर आपणहून संपला, मामा संपवायचा तसाच, शेवटी एक छोटी उडी मारून. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. माझ्या हनुवटीवरून ओघळ वाहत होते. पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं तोंड फिरवून स्वतःचा गाल पुसला.

मास्तर जवळ आले. खुर्ची तुझी, म्हणाले. पण माझ्याकडे बघून नाही. ते ट्रम्पेटकडे बघत होते. "हा शेक तुझा नाही," एवढंच हळूच बोलले आणि निघून गेले.

ट्रम्पेट मी त्याच रात्री मामीला परत दिलं. तिनं चावी दाबून पाहिली नाही, मीही नाही. पेटी परत कपाटावर गेली. मला वाटलं, सुटले.

आता माझ्या जुन्या, चाव्या अडकणाऱ्या ट्रम्पेटवरही शेक येतो. दर शनिवारी येतो. लोक ऐकायला येतात. ज्या खुर्चीसाठी जीव टाकला, तिथे मी बसते आणि दर वेळी गिळते.

दुपारी, दवाखाना बंद असताना, तोंडात आपोआप पाणी भरतं. बेसिनमध्ये थुंकते. इतक्या लोकांची थुंकी पाहिलीय मी. स्वतःची ओळखता येते मला.

ती माझी नसते.

गेल्या आठवड्यात वरचा पुढचा दात हलायला लागला. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे काढला, त्याच खोलीत. मूळ घट्ट, हिरडी निरोगी, हाड भक्कम. हा दात हलूच शकत नाही, म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं...

आणि चटकन मागे घेतलं.

दात हलत होता. त्यांनी हलवला नव्हता, मीही नाही. वर-खाली, वर-खाली, त्याच लयीत. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून हात धुतले. बोटांचा वास घेतला, परत साबण लावून धुतले. इतक्या वर्षांत त्यांना नाक मुरडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग पाठमोऱ्याच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तू कवळी कधीपासून लावतेस?"

माझे सगळे दात माझे आहेत. अजून तरी.

यामागे काय आहे, ते मला कळलेलं नाही. कोणाला कळलं तर सांगा, नाही कळलं तर अक्कल शिकवू नका. घरात मात्र मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. उद्या मला काही झालं तर माझं ट्रम्पेट उचला, पेटीत घाला आणि पेटी लांब कुठेतरी ठेवून द्या.

त्याचं पाणी कोणी काढू नका.