मधल्या दारापलीकडची कॉफी

जहाजावरच्या केबिनमध्ये कॉफी करायची तर आधी जागा करावी लागते. आरशाखालच्या फळीवर किटली, दोन पांढरे कप आणि साखरेच्या पुड्यांची वाटी, एवढं जहाजवाल्यांचं असतं. त्यात आपली औषधं, चष्मे, फण्या. हा सगळा पसारा पलंगावर सरकवावा तेव्हा कुठे हात हलवायला वाव मिळतो. पूड आणि कापडी गाळणी मी घरून आणली होती. बॅग भरताना लेकीने ती बघितली आणि विचारलं, आई, तू काय भर समुद्रात हॉटेल काढणार आहेस का? मी हसले. गाळणी कशासाठी घेतली ते तिलाही ठाऊक होतं.

आमच्या घरी सकाळची कॉफी ह्यांची, लग्न झाल्यापासून. चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेलेला माणूस. हातांना घाई कशी ती माहीत नाही. आधी कप गरम पाण्याने शेकायचे. मग गाळणीतल्या पुडीवर चमचाभर पाणी सोडून नुसतं थांबायचं. पूड फुगून वर आली की बारीक धार धरायची, मध्येच थांबायचं, पुन्हा धरायची. शेवटी चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजवायचा, म्हणजे मी उठायचं. मी अंथरुणात पडून हे सगळं ऐकत असे. आदल्या रात्री कितीही वाजलेलं असो, सकाळी चमचा वाजायचाच.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मी. मला ते सिस्टर म्हणू लागले. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत मी जन्मभर पांढरा कोट घालून बसलेली, म्हणून मनात म्हटलं, फार काही चुकलं नाही बिचाऱ्यांचं. पण एका सकाळी त्यांनी गाळणी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि टोपीसारखी डोक्यावर घातली. त्या दिवशी मी बाथरूमचा नळ सोडून रडले. देवापाशी माझं मागणं एवढंसंच होतं: एकदा, मला ओळखून, ह्यांच्या हातची कॉफी.

हवापालट करून बघा, असं डॉक्टर म्हणाले. लेक-जावयांनी ही सहल काढून दिली.

एवढा पूर्वरंग झाला. आता केबिनचं सांगते. केबिन बिनखिडकीची होती. पहाट की दुपार, हे घड्याळ सांगेल तेच खरं. खाली कुठेतरी यंत्रांची घरघर चालायची आणि कपाटातले हँगर एकमेकांना हळूच लागत राहायचे, झोपेत कुणी पुटपुटावं तसे. दारं दोन होती. एक कॉरिडॉरमध्ये उघडणारं आणि दुसरं पलंगाच्या पायथ्याशी, शेजारच्या केबिनमध्ये जाणारं. मोठं कुटुंब असलं की हे मधलं दार उघडून देतात. आमच्या बाजूने त्याला मूठ नव्हती, नुसती एक पितळी चकती होती.

पहिल्या सकाळी मी जागी पडले होते. दारापलीकडे किटलीचं बटण वाजलं. पाणी उकळलं, कपांत ओतलं गेलं, परत ओतून टाकलं गेलं. मग काहीच नाही. मी कोपरावर उठून बसले. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. बारीक धार. थांबणं. पुन्हा धार. शेवटी कपाच्या काठावर चमचा दोनदा वाजला आणि दाराखालच्या फटीतून वास आला. आमच्याच पुडीचा.

जगात कप शेकणारी माणसं काय थोडी असतील, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या शेजारी हे टक्क जागे होते, आणि दूरवरचं गाणं ऐकावं तशी त्यांची मान हलत होती.

दुसऱ्या सकाळी त्यांची बोटं चादरीवर हलू लागली. त्याच्या पुढच्या सकाळी ते आपणहून उठून फळीपाशी उभे राहिले. तिकडे बटण वाजलं, इकडे वाजलं. तिकडे धार, इकडे धार. पाणी सांडलं थोडं, पण पूड फुगेपर्यंत ते थांबले.

केबिन आवरायला यायची त्या मुलीला मी विचारलं, शेजारी कोण उतरलंय.

"कुणी नाही, आजी. पाणी गळतंय तिथे. या खेपेला बंदच आहे."

माझा विश्वास बसेना म्हणून तिने कॉरिडॉरकडचं दार उघडून दाखवलं. गादी भिंतीला उभी केलेली, जमिनीवर प्लॅस्टिक, ओल्या गालिच्याचा वास. किटली नाही, कप नाही. मधल्या दाराला त्या बाजूनेही मूठ नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल तेवढंच लिहायचं, हा माझा जन्मभराचा शिरस्ता. इथे रिकामी खोली दिसली, म्हणून रिकामी म्हणते.

हे दिवसागणिक सुधारत गेले. शर्टाची बटणं बरोबर लागू लागली. डेकवर उभं राहून म्हणाले, पाणी आज बाटलीच्या काचेसारखं हिरवं आहे. लेकीचा खोकला कसा आहे, विचारलं. मला 'अगं' म्हणाले. मी फोनवर लेकीला हे सांगितलं तर तिने ते पुन्हा सांगायला लावलं.

आणि पलीकडे बिघडत गेलं. आधी चमचा पडला. मग एका सकाळी किटली बंद-चालू, बंद-चालू होत राहिली. मग कप घरंगळला, आणि एक बाई हलक्या आवाजात समजावू लागली.

"अहो, हे झाकण आहे. असं इथे बसवायचं."

आपला आवाज आपल्याला चटकन ओळखू येत नाही. मला ओळखू आला तो पुरुषाच्या उत्तरानंतर.

"बरं, सिस्टर," तो म्हणाला.

मी आंघोळीचा टॉवेल घेतला, त्याची गुंडाळी केली आणि दाराखालच्या फटीत दाबून बसवली. मला तिची कणव आली, देवाशपथ आली. ती बाथरूमचा नळ सोडेल, हेही माहीत होतं. टॉवेल मी काढला नाही.

शेवटच्या सकाळी जहाज किनाऱ्याला लागायचं होतं. बॅगा आम्ही कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. मला जाग आली ती चमच्याच्या आवाजाने. दोनदा. या खोलीत.

"ऊठ गं," हे म्हणाले. "किनारा दिसेल आता."

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघितलं. सगळंच्या सगळं ओळखून. मी पहिला घोट घेतला. चव तीच होती.

मधल्या दारावर टकटक झाली. शेजारणीने करावी तशी, बोटाच्या पेराने.

"अहो बाई, झाली का कॉफी?"

त्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि तो मला पाठ होता.

"झाली असेल तर आता आमच्या ह्यांना परत पाठवता का? उतरायची वेळ झाली."

हे वाकून चपला घालू लागले. घरून हाक आल्यावर माणूस उठतो, तसे.

मी त्यांची बाही धरली.

"एवढा कप संपू दे," मी दाराकडे बघून म्हणाले.

पलीकडे जरा कुजबूज झाली.

"संपू दे. आम्ही बसतो," ती म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी खाकरलं, अगदी ह्यांच्यासारखं.

म्हणून मी घोट लहान घेते आहे, जीभ भिजेल एवढाच. बाही माझ्या मुठीत आहे. आम्ही बोलत बसलो आहोत: लेकीचं बारसं, पहिलं बिऱ्हाड, दुकानाची पाटी. टोपीचा किस्सा सांगितला तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बोलणं संपत आलं की मी दुसरं काही काढते.

कॉरिडॉरमध्ये मघाशी माणसांची वर्दळ होती, ती थांबली आहे. हँगरही वाजत नाहीत. किनारा एव्हाना लागायला हवा होता. कप निम्म्याखाली गेलेला नाही, आणि कॉफी ओठ भाजेल इतकी गरम आहे.

पलीकडून ती मधूनमधून विचारते, झाली का. दर वेळी तिचा आवाज आधीपेक्षा म्हातारा असतो.