पडद्यावरचा दुसरा तारा

पडद्यावर एक तारा उमटला, आणि पुढे काहीच झालं नाही.

केतकी श्वास रोखून बघत होती. दुसरा तारा यायला हवा होता. आजोबांच्या लॅपटॉपवर तो रोज न चुकता येई. पण या पिवळट पडलेल्या, पन्नास वर्षं जुन्या संगणकावर सकाळपासून अकरा वेळा एकच तारा उमटला होता आणि यंत्र तिथंच दगडासारखं बसून राहिलं होतं. प्रोग्रॅम तोच, फ्लॉपी (माहिती साठवायची, चौकोनी पाकिटातली पातळ चकती) तीच. मग इथंच घोडं का अडत होतं?

आजोबांचे ओठ हलले. काय म्हणाले ते केतकीला कळलं नाही. गेले तेवीस दिवस तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

केतकी जन्मली तेव्हाही तिला ऐकू येत नव्हतंच. ती दोन वर्षांची असताना तिच्या कानाच्या आत एक केसासारखी तार बसवली होती, आणि कानामागे आवाज पकडून त्या तारेला देणारं एक यंत्र. शिंपलीसारखं दिसायचं म्हणून त्याचं नाव शिंपली. सहा वर्षं शिंपलीनं तिला सगळं ऐकवलं. मग २०४४च्या जून महिन्यात शिंपली बनवणारी परदेशातली कंपनी बंद पडली, तिचे दूरचे संगणक बंद झाले आणि शिंपलीतली जुळणी (कोणता आवाज किती जोरात पोचवायचा, याचे बावीस आकडे) एका क्षणात पुसली गेली.

भीती तेव्हापासून घरात राहायला आली. मागून येणारी सायकल एकदम अंगाशी येई. रात्री दिवा मालवला की जग संपल्यासारखं वाटे, म्हणून ती आईच्या पावलाला पाऊल टेकवून झोपे. त्यातच बाळ जन्मलं. एकदा पाळण्याशी पुस्तक वाचत बसली होती, तर आई ओल्या हातांनी धावत आली. बाळ रडून रडून निळंजांभळं झालं होतं, आणि केतकीनं पान उलटलं होतं. आई रागावली नाही, जवळच घेतलं तिला. पण त्या दिवसापासून केतकी बाळाजवळ एकटी बसेना.

उद्या सकाळी कोल्हापूरला ऑपरेशन होतं. दुसऱ्या कंपनीची शिंपली या तारेला चालत नाही, म्हणून जुनी तार काढून नवी घालायची. पहिल्यासारखी ती नीट बसेलच असं सांगता येत नाही, हे डॉक्टर सबीहा मुजावरांनी लपवलं नव्हतं. म्हणूनच आज रविवार असून त्या गडहिंग्लजला, आजोबांच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. केतकीचे बावीस आकडे त्यांच्या वहीत होते. ते शिंपलीत परत घालता आले, तर ऑपरेशनच नको. पण नव्या संगणकांना कारखान्यातूनच कुलूप असतं. कंपनीच्या शिक्क्याशिवाय ते शिंपलीशी बोलूच देत नाहीत. आजोबांचं जुनं यंत्र मात्र देईल त्या प्रोग्रॅमचं ऐकणारं. त्याच्या पाठीमागच्या खोबणीतली एकेक तार हवी तेव्हा चालू-बंद करता येई. त्याच्या मूळ फ्लॉप्या बुरशीनं खाल्ल्या होत्या, म्हणून आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर आजोबांनी हौसेनं त्याच्यासाठी स्वतःचीच छोटीशी कार्यप्रणाली (संगणकाचा सगळा कारभार बघणारा प्रोग्रॅम) लिहिली होती. यंत्राला वीज देणारा भाग जळलेला होता, त्याच्या जागी दुसरा या आठवड्यात मिळाला. तोवर सगळं लॅपटॉपवरच्या नकलेत (जुन्या संगणकासारखं वागणारा प्रोग्रॅम) चालवून बघितलेलं.

"दुसरा तारा का येत नाही?" केतकीनं विचारलं. स्वतःचा आवाजही तिला फक्त घशात थरथरल्यासारखा कळला.

आजोबांनी पाटी ओढली. हल्ली दोघांचं बोलणं पाटीवरच चाले. त्यांनी लिहून, चित्रं काढून समजावलं, ते असं: बंद संगणकाला काहीच आठवत नसतं. आपण संगणक आहोत, हेसुद्धा. फक्त एका चिपमध्ये उठल्यावर काय करायचं तेवढं कायमचं कोरलेलं असतं. वीज आली की ती चिप यंत्राचे हातपाय तपासते आणि फ्लॉपीचं फक्त पहिलं पान उचलते. त्या पानावर जेमतेम पाचशे बारा अक्षरं मावतात. एवढ्यात अख्खी कार्यप्रणाली कशी मावणार? म्हणून त्या पानाचं काम एकच, दुसरं पान आणायचं. दुसरं पान बाकीची सगळी आणतं. असं टप्प्याटप्प्यानं जागं होणं म्हणजे बूट होणं. पहिलं पान आलं की एक तारा, दुसरं आलं की दोन.

पाटी भरली. आजोबांनी ती शर्टाच्या बाहीनं पुसली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, आणि ते केतकीनं बघितलं.

आजोबांनी बाराव्यांदा बटण दाबलं. पडद्याकडे बघवेना, म्हणून केतकीनं डोळे मिटून यंत्रावर तळहात ठेवला. पंख्याची एकसारखी घरघर हाताला लागली. मग तिच्याखालून एक बारीक खर्र, मुंगी चालल्याएवढी. थोडं थांबून पुन्हा खर्र, पण ही लांबलचक, पार टोकापर्यंत सरपटत गेलेली.

"आजोबा, पहिली खर्र छोटी आहे. दुसरी खूप लांब आहे."

आजोबांनी भुवया उंचावल्या. त्यांनीही हात ठेवला आणि पुन्हा बटण दाबलं. पंख्याच्या आवाजात त्यांच्या कानांना जे दिवसभर कळलं नव्हतं, ते आता हाताला कळलं. फ्लॉपी वाचणारी सुई लांब कुठंतरी जात होती. का पण? दुसरं पान तर पहिल्याच्या शेजारीच होतं. आजोबांनी घाईघाईनं पाटीवर लिहिलं, जायचंय फक्त पान २ वर.

केतकीनं वाचलं आणि ती गोंधळली. "पान बहात्तर?"

आजोबांनी पाटी स्वतःकडे फिरवली. बाहीनं नीट न पुसलेला मघाचा एक सात, नेमका दोनाच्या शेजारी उरला होता.

ते पाटीकडे बघतच राहिले. मग त्यांनी कपाळावर असा हात मारून घेतला, की डॉक्टरांना हसू आलं.

"मीच गाढव," ते इतकं सावकाश म्हणाले, की केतकीला ओठांवरून वाचता आलं.

संगणकालाही आकडे टिपायला अशीच एक पाटी असते, आणि लॅपटॉपवरच्या नकलेत ती दर वेळी नवी, धुतलेली मिळायची. सगळीकडे शून्यच शून्य. आजोबा तेच धरून चालले होते. पण खऱ्या यंत्रात ती चिप आधी उठून पाटीवर काहीबाही लिहून गेलेली असते. फ्लॉपीवरच्या कुठल्या गोल पट्ट्यातलं पान हवं, हे सांगणारा रकाना आजोबांनी पुसलाच नव्हता. त्यात उरलेला आकडा यंत्रानं इमानेइतबारे खरा मानला आणि सुई पार पलीकडे नेली. यंत्र बिघडलं नव्हतं. सांगितलं तेवढंच करत होतं.

एकच ओळ वाढवायची होती, आधी रकान्यात शून्य लिही. आजोबांनी ती ओळ लिहून दोनदा तपासली. केतकीचा तळहात यंत्रावर होताच.

छोटी खर्र. छोटी खर्र.

एक तारा. दोन तारे.

तरी भीती गेली नाही, उलट वाढली, कारण आता शिंपली जोडायची होती. डॉक्टरांनी एकेक आकडा वाचला, आजोबांनी टाइप केला, डॉक्टरांनी मीटर लावून प्रत्येक तपासला. एक चुकला, तो पुन्हा घातला. आवाज सगळ्यात हळू ठेवून मगच त्यांनी शिंपली केतकीच्या कानामागे लावली. केतकीनं शेजारी येऊन बसलेल्या आईचा हात घट्ट धरला. काहीच नाही. अजून काहीच नाही. डॉक्टरांनी एक पायरी चढवली, आणि आजोबांनी यंत्राला फ्लॉपी पुन्हा वाचायला लावली.

खर्र.

तिला वाटलं, हातालाच लागलं. पण हात तर आईच्या हातात होता.

"ही खर्र," ती पुटपुटली, "हिचा आवाज असा असतो होय?"

पलीकडच्या खोलीतून एक बारीकसा, कुरकुरता आवाज आला. तो केतकीनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तरी तो कुणाचा, हे तिला सांगावं लागलं नाही.

"मी बघते," ती म्हणाली, आणि एकटीच आत गेली.

ती बाळाला घेऊन बाहेर येऊन बसली, तेव्हा डॉक्टर कोल्हापूरला फोन करून उद्याचं ऑपरेशन रद्द करत होत्या. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, जिल्ह्यात अशी शिंपली लावणारी अजून चौदा मुलं आहेत. आजोबांनी कपाटातून कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा काढला आणि यादी करायला पाटी पुढं ओढली. बाही पुढे सरसावली, एवढ्यात केतकीनं ती धरली.

"थांबा आजोबा. बाळाला घ्या जरा."

तिनं स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं. पाटी पुसली, उन्हात तिरकी धरून बघितली, कोपरा पुन्हा पुसला. मग खडू घेऊन विचारलं, "पहिलं नाव सांगा, डॉक्टर."