एकाच टेंडरचे दोन विजेते

बेलापूरच्या त्या सरकारी कार्यालयात माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या मांडीवर माझ्यासारखंच एक निळं दप्तर होतं. मी चोरून पाहिलं. शिलाई सुंदर होती... दुर्दैवाने.

"सॅम्पल?" त्याने विचारलं.

"हो. शाळेच्या दप्तरांचं टेंडर मिळालंय मला." मी जरा ऐटीतच म्हणाले.

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली. "गंमत आहे. ते तर मला मिळालंय."

मी मैत्री, शिरवणे गावची. घराखालच्या गाळ्यात आमचं शिवणकाम चालतं, गावातल्या बायका मशीनवर असतात. तो दिघ्याचा शिवतेज, मूळचा साताऱ्याकडचा, त्याचंही असंच छोटं वर्कशॉप. हे सगळं भांडता भांडताच कळलं. शेवटी दोघांनी मोबाइल काढून मेल शेजारी शेजारी धरले. शब्दन् शब्द एकच. 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे. अनामत रक्कम आजच भरा.'

"पण मी टेंडर भरलंच नव्हतं," मी हळूच म्हणाले. "वाटलं, कुणीतरी नाव सुचवलं असेल..."

"मी पण नाही भरलं."

मग मेल पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहिला. सरकारी पत्त्याच्या शेवटी असतं ते 'जीओव्ही डॉट इन' नव्हतंच, भलतंच काहीतरी होतं. पैसे भरायचं खातंही कुणा माणसाच्या नावावर.

खिडकीतल्या मॅडमनी मेल वाचून मान हलवली. "असं टेंडर निघालेलंच नाही. आमची टेंडरं पोर्टलवर असतात, पैसेही तिथेच भरायचे. तुम्ही भरले नाहीत ना?"

मी नाही म्हणाले. शिवतेज मोबाइलकडेच बघत राहिला. खळी कुठल्या कुठे गेली होती.

"सकाळी भरले," तो म्हणाला. "नव्या मशीनसाठी ठेवले होते..."

मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला, सायबर फसवणुकीचा १९३० नंबर लावला आणि त्याच्या कानाशी धरला. "बोल. रडायचं ते नंतर."

मग बँक, मग पोलीस स्टेशन. माझं काही गेलं नव्हतं, तरी मी थांबले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. थोडे पैसे बँकेने अडवले, बाकीचे गेले ते गेलेच.

पुढच्या आठवड्यात मला वाशीच्या एका दुकानाची कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळाली. खरीखुरी. मी त्याला फोन केला. "अर्धं काम घेशील?"

"दया करतेस?"

"तुझी शिलाई बघितलीय मी. जळले होते तेव्हाच."

पलीकडे तो हसला.

त्यानंतर तो माल द्यायला शिरवण्याला येऊ लागला. कधी गठ्ठा घेऊन, कधी जेमतेम दोन पिशव्या घेऊन. बायका एकमेकींकडे बघायच्या, मी दोरा ओवत राहायचे — सुईचं नेढं काही सापडायचं नाही.

एका दुपारी त्याचा मेसेज आला. 'मैत्री, तू मला खूप आवडतेस.'

मी तो तीनदा वाचला. तरी लिहिलं, 'असल्या मेसेजवर मी विश्वास ठेवत नाही. समोर येऊन बोल.'

तो खरंच आला. हेल्मेटने केस चपटे झालेले. गाळ्याच्या दारात बाबा खुर्चीवर पेपर वाचत बसले होते.

"यो कोन हाय गो?"

"शिवतेज, बाबा. पिशव्या शिवतो आपल्या."

"मंग पिशव्या कुठं हायेत?"

"आज पिशव्या नाहीत, काका." त्याने हेल्मेट काखेत धरलं. "मला मैत्री आवडते. तिची हरकत नसेल तर... लग्न करायचंय तिच्याशी."

एकेक करत मशिनी थांबल्या. बाबा माझ्याकडे वळले. "तुजा काय म्हनना हाय?"

थोडं छळायचं ठरवलं होतं मी त्याला. पण त्याचे कान इतके लाल झाले होते...

"माझी हरकत नाही," मी म्हणाले.

बाबांनी पेपरची घडी केली, उठले आणि आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.