पिवळी नळी

जेवणं उरकली होती आणि हवा भरायचं यंत्र नुकतंच बंद झालं होतं. दिवसभर त्याची धडधड ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते, पण आता ती थांबल्यावर कुणालाच बरं वाटत नव्हतं. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठून झालेलं तळं खिडकीबाहेरच होतं. अंधारात ते दिसत नव्हतं, नुसता गारवा येत होता.

पाणबुडे व्हायला आलेली शिकाऊ मंडळी बाकांवर दाटीवाटीने बसली होती. उद्या त्यांची पहिली रात्रीची बुडी होती, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या होत्या. इस्पितळातल्या नर्सच्या वाट्याला एक उंच, अबोल ट्रक ड्रायव्हर आला होता. दोघं अजून एकमेकांशी चार शब्दही बोलले नव्हते.

"काका, एक विचारू?" नर्स सिलिंडरमध्ये हवा भरणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली. सगळे त्यांना हवावाले काकाच म्हणायचे. "उतरायच्या आधी ही एवढी तपासणी कशाला? तुमची हवा बघू, माझा पट्टा बघा, तुमची जादाची नळी कुठे, माझी कुठे. आम्ही पाण्यात उतरतोय की लग्न जुळवतोय?"

सगळे हसले. काकाही हसले.

"लग्नात फसलेला माणूस निदान घरी परत तरी येतो, बाई," ते म्हणाले. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि स्टूल पुढे ओढलं. "बसा. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे, ऐकीव नाही. पटली तर घ्या, नाही तर द्या सोडून."

आणि ते सांगू लागले.

आपल्या या तळ्यावर एक दातांचा डॉक्टर यायचा. दिवसभर लोकांचे दात काढायचा आणि संध्याकाळी इथे येऊन स्वतःचे दाखवायचा, असा हसरा गडी. पाण्यातला त्याचा जोडीदार ठरलेला, बायकोचा सख्खा भाऊ. याने नुसती मान वळवली तरी त्याला कळायचं, काय म्हणायचंय ते. बायकोची अट एकच होती. दादा बरोबर नसेल तर पाण्यात पाय ठेवायचा नाही. घरी लहान मुलगी होती ना! बाबा बुडी मारायला गेले की ती पोर झोपायचीच नाही. ते परत आले, तिने त्यांच्या ओल्या केसांतून हात फिरवला, की मग कुठे डोळे मिटायची.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. चंद्र नव्हता. दुपारच्या वर्गातली पोरं कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनांची पिशवी खाली, तळाजवळच्या लोखंडी फलाटावर विसरून आली होती, आणि सकाळी दुसरा वर्ग होता. डॉक्टर म्हणाला, मी आणतो, त्यात काय एवढं! पण मेहुणा सर्दीने घरी पडलेला. नाक चोंदलेलं असताना खाली गेलं तर कानाचे पडदे फाटतात, तो बिचारा उतरणार कसा? त्याच दिवशी परगावचे एक वकील बुडी मारायला आले होते. ते म्हणाले, मी येतो तुमच्याबरोबर.

आता वकील तो वकीलच. काठावर उभं राहून त्याने उलटतपासणी सुरू केली.

"डॉक्टर, हवा किती उरली की तुम्ही वर यायला निघता?"

"काटा लाल रंगाशी पोहोचायच्या आधी."

"हवा संपली तर खूण कोणती? आमच्याकडे गळ्यावरून हात फिरवतात."

"सगळ्या जगात तीच आहे हो."

"आणि चुकामूक झाली तर? मिनिटभर शोधायचं आणि सरळ वर यायचं, बरोबर ना? शिवाय एकदा एकमेकांचं सामान..."

"वकीलसाहेब," डॉक्टर म्हणाला, "पिशवी आणायची आहे, खटला नाही चालवायचा. चला!"

रात्रीचे साडेनऊ झाले होते. डॉक्टरने मास्क चढवला आणि शिडीवरून पाण्यात उतरला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. अति घाई संकटात नेई, ही पाटी आपण रस्त्यात वाचतो आणि गाडी आणखी जोरात हाकतो, त्यातलीच गत.

तळापर्यंत दोर सोडलेला आहे, तो धरून डॉक्टर खाली निघाला. टॉर्चचा उजेड हातभर पुढे जाऊन गाळात विरत होता. थोडा खाली गेला असेल नसेल, तोच शेजारी दुसरा उजेड दिसला. आले वकीलसाहेब, तो मनात म्हणाला. अंधारात काय, काळा सूट, मास्क, पाठीवर सिलिंडर, सगळे पाणबुडे सारखेच. त्याने अंगठा आणि बोट जुळवून खूण केली. ठीक?

समोरून उत्तर आलं नाही.

डॉक्टरला हसू आलं. काठावर एवढी बडबड, आणि खाली आल्यावर साहेबांची दातखीळ बसली, असं त्याला वाटलं.

फलाट सापडला. पिशवीही सापडली. ती उचलून तो वळला, तर जोडीदार अगदी अंगाशी येऊन उभा होता. टॉर्च खाली धरलेला. चेहरा दिसत नव्हता. त्याने हात उचलला. सावकाश. आणि गळ्यावरून आडवा फिरवला.

हवा नाही.

डॉक्टर घाबरला नाही. हे तर शिकवलेलंच असतं. प्रत्येकाच्या सिलिंडरला एक जादाची नळी असते, पिवळी, दुसऱ्यासाठी. मागणाऱ्याला ती द्यायची, एकमेकांचे पट्टे घट्ट धरायचे आणि वर यायचं. त्याने नळी पुढे केली. समोरच्याने ती तोंडात धरली आणि डॉक्टरचा पट्टा पकडला. डॉक्टरने अंगठा वर केला. चला वर.

पण वर जाता येईना.

डॉक्टर पाय मारत होता आणि जागच्या जागी होता. पट्टा धरलेला तो हात... जड होता. पिशवी सोडून दिली. तरी तसंच. काट्याकडे पाहिलं. एवढ्यात इतकी हवा गेली?

मग त्याचं कानांकडे लक्ष गेलं. पाण्याखाली श्वासाचा आवाज स्वच्छ येतो. आत घेताना सुस्कारा, सोडताना बुडबुडे. डॉक्टरचे बुडबुडे वर जात होते. आणि समोरच्याचे?

सुस्कारा येत होता. आत.

पुन्हा आत.

पुन्हा... आत.

बुडबुडा एकही नाही.

हवावाले काका थांबले. बाहेर पाण्याने काठाला हलकेच थाप मारली आणि ड्रायव्हरने मान वळवून खिडकीकडे बघितलं. काकांनी आवाज खाली आणला.

तेवढ्यात वरून ठोके आले. ठण्. ठण्. ठण्. लोखंडी शिडीवर कुणीतरी दगड मारत होतं. ती खूण तुम्हाला माहीत आहे. असाल तिथून वर या. पण काठावर दुसरं कुणी नव्हतंच. रात्री इथे दोनच माणसं होती. डॉक्टर आणि वकील.

वकील ठोकतोय...

तर हा कोण?

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. त्याच्या पायाखाली जमीनही नव्हती. त्याने नळी ओढली. सुटेना. दातांत आवळून धरलेली. पुन्हा ओढली. काटा लाल रंगात शिरला. आणि कानांत तेच. आत... आत... आत... डॉक्टरला त्या क्षणी एकच दिसलं, घरी अंथरुणात बसलेली पोर. वाट बघतेय. केसांतून हात फिरवायची.

मग त्याचे हातच पुढे झाले. दवाखान्यात घाबरलेली मुलं डॉक्टरचं बोट चावून धरतात. तेव्हा ओढायचं नसतं. कानाखाली, जबड्याच्या सांध्यावर, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. त्याने दोन्ही हात त्या चेहऱ्यावर ठेवले. हातमोज्यातूनही गारठा लागला. दाबलं.

जबडा उघडला.

काय दिसलं, ते त्याने मला एवढंच सांगितलं. "दात पाहिले. एक नव्हता."

पट्टा सुटला. डॉक्टर दोर धरून वर निघाला. धावत सुटावंसं वाटत होतं, पण पाण्यात तशी सोय नाही. वर येताना घाई केली तर फुप्फुसं फाटतात. सावकाश यायचं, श्वास सोडत. तो सावकाश आला. खाली बघायचं नाही म्हणत होता. बघितलंच. तो उजेड दोराखाली होता. तोही सावकाश येत होता.

शिडीपाशी वकिलाने त्याला काखेत हात घालून बाहेर खेचलं. वकिलाचे पाय कोरडे होते. एका हातात पायात चढवायच्या रबरी फिनचा तुटलेला पट्टा, दुसऱ्यात दगड.

"अहो, मी हाका मारत होतो!" वकिलाची बोबडी वळली होती. "माझा पट्टा तुटला... तुम्ही ऐकलंच नाही. मला वाटलं, मी मागे नाही हे कळलं की लगेच याल. मग तुमच्या उजेडाशेजारी... दुसरा उजेड लागला. डॉक्टर, वरून दुसरं कुणी गेलं नव्हतं हो."

डॉक्टरने टॉर्च उचलला आणि वकिलाच्या चेहऱ्यावर मारला.

"तोंड उघडा."

"काय?"

"उघडा म्हणतो ना!"

वकिलाने आ केला. बत्तिशी शाबूत होती. डॉक्टरने आपल्या पिवळ्या नळीचं तोंडात धरायचं रबर उजेडात धरलं. त्या रात्रीपर्यंत ती नळी त्याने कधी कुणाला दिली नव्हती. रबर आरपार चावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मी या हातात घेऊन पाहिलंय. वरच्या दातांच्या खुणा, ओळीने, खोल. आणि मधल्या एका दाताच्या जागी काहीच नाही.

घरी गेल्यावर पोरीने केसांतून हात फिरवला आणि ती झोपली. बायको दारातच उभी होती.

"दादा तर सर्दीने पडलाय," ती म्हणाली. "मग बरोबर कोण होतं?"

डॉक्टरने आजतागायत तिला उत्तर दिलेलं नाही. तो पुन्हा पाण्यातही उतरला नाही.

काकांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि ते उठले. "म्हणून म्हणतो, काठावर जोडीदाराचा चेहरा उजेडात बघून घ्यावा. तपासायला लाज कसली? बुडीला एकत्र जायचं, एकत्र यायचं. जो बरोबर उतरला नाही, तो खाली भेटला तर..."

कुणीतरी उगीच हसलं, पण त्याला साथ मिळाली नाही. तेव्हा तो अबोल ड्रायव्हर उठून नर्सजवळ आला.

"चला ताई," तो म्हणाला. "आत्ताच बघून घेऊ. उद्यावर नको."

तिला एकदम बरं वाटलं. दोघांनी आपापलं सामान बाकावर मांडलं. त्याने आपला काटा दाखवला, तिने आपला. त्याने तिचे पट्टे ओढून पाहिले, तिने त्याचे. चुकामूक झाली तर काय करायचं, ते दोघांनी बोलून ठरवलं. तिचा सगळा संच कोरा होता, सकाळी काकांनी तिच्या देखतच खोकं फोडून काढलेला. अजून त्याला पाणी लागलं नव्हतं.

"आणि जादाची नळी?" ड्रायव्हरने विचारलं.

"ही बघा," म्हणत तिने पिवळी नळी उचलली, आणि तिचं बोट रबरावर थांबलं.

तिने ते दिव्याखाली धरलं. काकांनी पुढे येऊन पाहिलं. कुणी विचारायच्या आत ड्रायव्हरने आपण होऊन तोंड उघडलं. सगळे दात जागच्या जागी होते.

नर्सने पुन्हा रबरावरून बोट फिरवलं. खाच. खाच. खाच. मग एका दाताएवढी जागा गुळगुळीत. मग पुन्हा खाच.