वयाचा कोंडा

निदानयंत्राने सुलभाबाईंच्या डोक्यावरून पुन्हा प्रकाशकांडी फिरवली आणि पुन्हा तेच तुणतुणं वाजवलं. वयोमानानुसार कोंडा व केसगळती, उपचारांची गरज नाही. डॉ. अनुया खांडेकरच्या डोक्यात तिडीक गेली. साध्या भिंगातून दिसणारी बुरशी, आणि हे म्हणे अतिप्रगत यंत्र! पोटातून घ्यायच्या गोळ्या लवकर मिळाल्या नाहीत, तर चट्ट्यांच्या जागी व्रण धरून तिथले केस कायमचे जाणार होते. पण यंत्राच्या संमतीशिवाय औषधपेटी उघडायची नाही, असा कायदा होता.

"सत्तरी ओलांडली, हाच माझा आजार का गं?" सुलभाबाईंनी विचारलं. आयुष्यभर जपलेली वेणी आता रुमालाखाली लपवावी लागत होती आणि त्याचं त्यांना रडू येत होतं.

अनुयाने यंत्राचे निर्माते मुळगुंद यांना धारेवर धरलं.

"आजार म्हणजे काय, हे आम्ही यंत्राला शिकवलेलंच नाही," ते शांतपणे म्हणाले. "एखादी गोष्ट एका वयाच्या पुष्कळ लोकांत आढळली, की ते तिला स्वाभाविक धरतं. ताज्या नोंदी पाहून रोज नव्याने ठरवतं. म्हाताऱ्यांच्या बुरशीकडे वर्षानुवर्षं कुणी लक्षच दिलं नाही, म्हणून ती पुष्कळांत आहे."

"म्हणजे जितकं दुर्लक्ष जास्त, तितके लोक निरोगी?"

"गणित तसंच आहे."

या गणितापुढे डोकं आपटून उपयोग नव्हता. अनुयाने सरळ वयाच्या जागी आठ टाकलं. यंत्राने क्षणात बुरशी ओळखली आणि गोळ्या दिल्या. मात्रा वजनावर ठरत असल्याने तीही चुकली नाही. सुलभाबाईंचे चट्टे भरले, कोवळे केस आले. युक्ती इतर डॉक्टरांनाही कळली आणि बघता बघता शहरातले बुरशीवाले आजीआजोबा यंत्रापुढे आठ वर्षांचे झाले.

पुढच्या वर्षी सुलभाबाई नातीला घेऊन आल्या. इरा खरोखरच आठ वर्षांची होती आणि तिच्या डोक्यावर तसेच चट्टे होते. यंत्राने कांडी फिरवली. आठव्या वर्षी असं व्हायचंच, उपचार नकोत, असं त्याचं मत पडलं.

अनुयाने कपाळाला हात लावला. सत्तरीतली बुरशी नोंदींतून जवळजवळ नाहीशी झाली होती. सगळी आठव्या वर्षात जाऊन बसली होती. मनातल्या मनात मुळगुंदांचा उद्धार करत तिने वयाच्या जागी चौऱ्याहत्तर टाकलं.

औषधपेटी उघडली. आतली सूचना इराने नीट वाचली.

"आजी, यात लिहिलंय, बरं होईपर्यंत मी नातवंडांना जवळ घ्यायचं नाही."