भागीरथाबाईचे दोन डोंगे

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? उमाजी माझा सख्खा काका. त्या डोंग्यात बसलेली कुंताकाकू मरेपर्यंत हे असंच सांगत आली, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

सन छप्पन. चांदा जिल्हा, गोंडपिपरीकडचा वैनगंगेचा काठ. मार्कंड्याच्या जत्रेचा आदला दिवस.

काकाला स्वतःचा डोंगा घ्यायचा होता, एका खोडातून कोरलेली होडी. दर जत्रेला दुसऱ्याच्या डोंग्यात, दुसऱ्याच्या मर्जीनं बसायचा काकूला वीट आला होता.

पलीकडच्या गावच्या भागीरथाबाईकडे दोन होते. एकाच सागाचे, जुळ्या भावांसारखे. दोन्हींच्या मागच्या टोकाला लोखंडी कडी. तिचा नवरा सोमाजी या डोंग्यांना दोर बांधून ठेकेदाराचे बांबूचे ताफे, म्हणजे तराफे, नदीतून ओढायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी तो नदीत गेला. देह काही सापडला नाही.

काकानं एका डोंग्यावर हात ठेवला.

"तो घेऊ नोका, भाऊ," बाई म्हणाली. "त्याच्यातूनच आमचे ते गेले. लेकराईले बसवाचं हाये तुमाले. हा दुसरा न्या."

आमचा काका असा, की दुधानं कधी पोळला नव्हता तरी ताक फुंकून प्यायचा. बाई चांगला डोंगा स्वतःला ठेवते, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि माणसाच्या जिभेला कुठं हाड असतं?

"मेलेल्या नवऱ्याच्या नावानं काऊन खोटं बोलून राह्यली, बाई?" चार माणसांत तो म्हणाला.

बाईची मान खाली गेली.

काकानं तोच डोंगा आणला. दोरासकट.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी निघाले. काकू, दोन पोरी, शिदोरी. काका मागच्या टोकाला, वल्हं मारत.

मधल्या डोहावर आले आणि... वल्हं जड झालं.

काकाच्या पाठीमागं गुंडाळलेला दोर सरकला. एकेक वेढा सुटत पाण्यात गेला.

मग दोर ताठ झाला.

खट्... खट्... बांबूवर बांबू आपटत होता. ताफा तर कोणी जोडलाच नव्हता.

आणि मग... कोणीतरी खाकरलं. बाप्या माणूस घरात शिरताना खाकरतो ना, तसं. अगदी काकाच्या मानेशी.

काकूनं पदर डोक्यावर ओढला. पोरींची तोंडं मांडीत दाबली आणि नजर खाली केली, मोठ्या माणसासमोर करतात तशी.

डोंगा उलट्या अंगानं सरकू लागला. वल्हं मारूनही थांबेना.

थांबला तो थेट भागीरथाबाईच्या घाटाला.

बाई भांडी घासत होती. सैल पडलेला दोर बघून ती तशीच पाण्यात आली. दोर, बांबू, खाकरणं, सगळं काकानं सांगून टाकलं. आता ही शिव्या घालणार, असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईनं दोर उराशी धरला.

"दोन वर्स झाले, मी रोज इथीच बसतो," ती म्हणाली. "मले एक डावही नाई दिसले. तुमाले दिसले का जी? लय वाळले का ते?"



डोहावर काकानं मागं वळून पाहिलंच नव्हतं.

डोंगा त्यानं तिथंच सोडला. त्या घाटावरून तो पुढं जन्मभर मान खाली घालून गेला.

त्या डोहावर मी आजही जातो. कधी कधी मागं खट्... होतं. मीही वळत नाही. आणि घरी आल्यावर भागीरथाबाई आठवून मला लाज वाटत राहते.