फ्रीजरमधला कलेक्टर

"कलेक्टर वितळला!" फ्रीजरमध्ये डोकं घालून पीयूष किंचाळला.

"हळू बोल न बे! अण्णाजी ऐकतीन!" गुंजननं धाकट्या भावाच्या तोंडावर हातच ठेवला.

कलेक्टर म्हणजे अण्णाजींचा बैल. स्वारीनं जन्मात कधी घाई केली नाही, म्हणून हे नाव! नालवाडीच्या भाजीच्या वावरात आयुष्यभर राबून गेल्या हिवाळ्यात तो म्हातारपणानं गेला. तेव्हापासून अण्णाजींचं हसू हरवलं होतं आणि गुंजनला आपल्या आजोबांचं ते तोंड बघवत नव्हतं. आज संध्याकाळी त्यांचा वाढदिवस. त्यांच्या आयुष्यातला पहिला केक! त्यावर कलेक्टर हवाच, असा गुप्त बेत गुंजन, पीयूष आणि सुट्टीत देवळीहून आलेला आतेभाऊ रजत यांनी रचला होता.

केकचा क्लास केलेली रूपाली आत्या त्यांच्या बाजूनं होती. तिनं कलेक्टरचा फोटो मोबाइलवर उलटा करून छापून आणला. फोटोवर बटर पेपर ठेवायचा, त्यावर बटरक्रीमच्या रेघा ओढायच्या, रंग भरायचे आणि फ्रीजरमध्ये कडक गोठवायचं. मग केकवर पालथं घालून कागद सोलला की चित्र तयार!

"पालथं पडते, म्हून फोटो उलटा घ्या लागते," आत्यानं समजावलं होतं. "नाई तं तुटकं शिंग भलत्याच बाजूले जाईन. बाबाच्या नजरेतून सुटन काय ते?"

आणि आता कलेक्टरचं पार पिठलं झालं होतं. कालही हेच!

"लाईट तं गेलीच नाई. मंग काऊन वितळते?" गुंजन रडवेली झाली.

"हे पाय पाहा!" रजतनं फरशीकडे बोट केलं. अंगणातून थेट फ्रीजच्या प्लगपर्यंत ओल्या पावलांचे ठसे!

मुलांनी भराभर नवा कलेक्टर काढून फ्रीजरमध्ये ठेवला आणि तिघं दाराआड दबा धरून बसली. थोड्याच वेळात अण्णाजी आले. त्यांनी फ्रीजचा प्लग उपटला, त्या जागी टिल्लू पंपाचा घातला आणि ड्रममधलं पाणी कूलरमध्ये भरलं. मग कूलरसमोर बसले आणि तिथंच घोरायला लागले. फ्रीजचा प्लग लोंबकळतच राहिला!

गुंजननं धावत जाऊन तो लावला.

"सांगून टाकू त्याइले?" पीयूष कुजबुजला.

"सांगशीन तं सरप्राइज गेलं न, येड्या!" गुंजन म्हणाली. "कूलर रिकामा झाला तं पंप लावतीन न ते? आपन होऊच नाई देत रिकामा! चला, बादल्या आना!"

मग काय विचारता! डोक्यावर मे महिन्याचं ऊन, पायाखाली तापलेलं अंगण आणि तिघांच्या बादल्यांच्या खेपा. अण्णाजी उठले, कूलरमध्ये डोकावले. भरलेला! घटकाभरानं परत डोकावले. तरी भरलेलाच!

"आज हा पानीच पिऊन नाई राह्यला काय?" ते डोकं खाजवत म्हणाले.

"हवेत ओलावा हाय न, अण्णाजी!" रजतनं ठोकून दिलं.

"ओलावा? वर्ध्यात? मे महिन्यात?" अण्णाजी त्याच्याकडे बघतच राहिले. पीयूषनं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

संध्याकाळी आत्यानं दगडासारखं गोठलेलं चित्र केकवर पालथं घातलं. गुंजननं श्वास रोखून कागद सोलला. कलेक्टर अख्खा! तुटकं शिंगही बरोबर डाव्या बाजूला!

डोळे झाकून आणलेल्या अण्णाजींनी डोळे उघडले. हळूच त्यांचं बोट पुढे गेलं आणि चित्रातल्या बैलाच्या मानेखाली खाजवू लागलं.

"अण्णाजीऽऽ! पुसलं न तुमी!" तिघं एकदम ओरडली.

"अबे, इथं खाजवल्याबिगर हा उभाच नाई राहे!" अण्णाजींनी क्रीमनं भरलेलं बोट दाखवलं.

आत्यानं मग प्लगची सगळी हकिगत सांगितली. अण्णाजींनी स्वतःचा कान पकडला. "मी पडलो भुलक्कड! तुमी लेकरं लय हुशार अन् त्याहून मायाळू. उन्हात माह्यासाठी पानी वाहत होते?" त्यांनी तिघांना जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग त्यांनी सुरी आत्याच्या हातात दिली.

"कडेकडेनं काप, रूपाली! माह्या कलेक्टरले धक्का लावशीन तं पाहा!" म्हणाले आणि कितीतरी महिन्यांनी पोट धरधरून हसले.